कर्ण्यावरची बाई

बटण दाबण्याआधी फिलोमेनाने ते वाक्य दोनदा म्हणून पाहिले. दोन्ही वेळा ते हवे तसे आले.

पालिकेच्या कचेरीत अजून कोणी नव्हते. आठाला चार मिनिटे कमी होती. पत्र्याच्या कपाटाशेजारी टेबल, टेबलावर करड्या रंगाचे यंत्र, त्याला जोडलेला मान वाकवलेला मायक्रोफोन, आणि समोर अर्ध्या पानावर तिच्याच अक्षरातला मजकूर.

"माझी आई गेली," ती बंद मायक्रोफोनला म्हणाली. "पेपा. बेडूकवाल्यांची."

मग तिने बटण दाबले. लाल दिवा लागला. मृत्यूच्या वार्तेआधी संगीत वाजवायचे नसते, म्हणून नेहमीप्रमाणे तिने मनात पाचपर्यंत मोजले.

"ग्रामस्थांना कळविण्यात येते की, श्रीमती जोझेफा बेर्तोमेऊ फाब्रा यांचे आज पहाटे वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. अंत्यविधी उद्या, बुधवारी, सकाळी अकरा वाजता गावच्या चर्चमध्ये होईल."

अकरा खांबांवरच्या अकरा कर्ण्यांतून हे गावभर गेले आणि गावाबाहेर पाण्याने भरलेल्या भातखाचरांवरून पुढे सरकत विरले. आवाज स्वच्छ होता, शांत होता आणि बार्सेलोनाचा होता. कुठे अडखळला नव्हता, कुठे भिजला नव्हता. ऐकणाऱ्या कोणालाही वाटले नसते की वाचणारीचे या मृत्यूशी काही नाते आहे.

फिलोमेनाने बटण सोडले. दिवा विझला.

"तीच आली," ती म्हणाली.

आईने मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. शेगडीजवळ बसून दोघी शेंगा सोलत होत्या. मध्येच हात थांबवून म्हातारी म्हणाली, "मी गेले की त्या बाईनं सांगायचं न्हाई."

"कुठल्या बाईनं?"

"कर्ण्यावरच्या. बोलते चांगली, पण आपल्यातली न्हाई ती. माझं आपल्यातल्या कुणीतरी सांगू दे."

"बरं," फिलोमेना म्हणाली होती.

ती कर्ण्यावरची बाई म्हणजे फिलोमेनाच, हे आईला एके काळी पक्के ठाऊक होते. १९८४ साली, जेव्हा गावच्या कर्ण्यावर पहिल्यांदा कातालान भाषा ऐकू आली, तेव्हा आई शेजारणींना घेऊन मुद्दाम खांबाखाली येऊन उभी राहिली होती. त्याआधी सगळे स्पॅनिशमध्ये असे: पाट कधी सोडणार, डॉक्टर कधी येणार, कोण मेले. आता आपल्या भाषेत होणार होते. फिलोमेना चाळीस वर्षांची होती, पालिकेत कारकून होती, आणि तिचा आवाज बरा म्हणून तिला निवडले होते.

तेव्हाचे सचिव सेन्योर पुजाडेस बार्सेलोनाचे. माणूस वाईट नव्हता. पहिल्या दिवसाची तालीम ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आवाज छान आहे तुमचा. फक्त बोलणं जरा शेतातलं आहे. घरात कसंही बोला हो, पण हे सरकारी आहे. टीव्हीवर त्या बातम्यांच्या बाई बोलतात ना, तसं जमवा." आणि जाता जाता, "ती घरांची टोपणनावंही नकोत. गेलेल्या माणसाला बेडूकवाला म्हणणं बरं दिसत नाही."

एब्रे नदीच्या मुखाजवळची ही माणसे प्रत्येक स्वर तोंड उघडून पुरा म्हणतात. बार्सेलोनात त्यातले निम्मे स्वर गिळले जातात. शब्दही पुष्कळ वेगळे. भाषा एकच, पण इथल्या माणसाने तिथे तोंड उघडले की दुकानदार हसून विचारतो, "गावाकडचे का?" फिलोमेनाने चार महिने रोज संध्याकाळी बातम्या टेप केल्या आणि वाक्यामागून वाक्य म्हणून गिरवली. पाचव्या महिन्यात ते तिला आले, आणि इतके आले की मायक्रोफोनसमोर दुसरे येईनासे झाले. लाल दिवा लागला की जीभ आपोआप त्या घरात जाऊन बसे. दिवा विझला की ती पुन्हा आपल्या दारात.

गावाने तिला 'बार्सेलोनावाली' म्हणायला सुरुवात केली. आईने आठवडाभर टोमणे मारले: "जेवायला बसा बाईसाहेब, आमचा भात चालंल ना?" मग तीही सरावली.

टोपणनावे गेल्याची अडचण मात्र राहिली. गावात बेर्तोमेऊ आडनावाचे शंभरावर, फाब्रा त्याहून जास्त. कागदावरचे नाव जन्म, लग्न आणि मृत्यू या तीन दिवशीच बाहेर निघायचे. एरवी माणूस घराच्या नावाने ओळखला जाई: सुईवाले, आंधळ्याचे, बेडूकवाले. म्हणून प्रत्येक मृत्यूच्या वार्तेनंतर कचेरीतला फोन अर्धा तास वाजत राही. "कोण गं गेलं?" आणि फिलोमेना सांगे, "अगं, ती न्हाई का, सुईवाल्यांची थोरली, पाय ओढत चालायची." कर्ण्यावर बार्सेलोनावाली बोले, फोनवर फिलोमेना. पंधरा वर्षे हे असेच चालले होते आणि कुणाचे काही अडले नव्हते.

शेवटची दोन वर्षे आईची आठवण पातळ झाली. दुपारी बाराची घोषणा टेपवर घेतली जाई आणि कचेरी बंद असताना संध्याकाळी सातला तीच आपोआप पुन्हा वाजे. खिडकीसमोरच खांब होता. दोघी टेबलाशी बसलेल्या असत, आणि बाहेरून फिलोमेनाचा आवाज उद्याच्या लसीकरणाबद्दल सांगत असे.

"कुणाची गं ही?" आई विचारी.

"मी हाय ती, आई."

"चल. तू अशी बोलतेस व्हय?" मग थोड्या वेळाने, "खिडकी लाव. बाहेरच बोलू दे तिला."

फिलोमेना खिडकी लावी.

*

सकाळी घोषणा करून ती फोनची वाट न बघता कुलूप लावून घरी आली होती. आता नऊ वाजून गेले होते. आईला तिने आणि शेजारच्या लिबोरिया मावशीने मिळून काळे कपडे घातले होते. पाद्री चार गावांचा एकच; तो येऊन, प्रार्थना म्हणून, स्कूटरवरून पुढच्या गावाला गेला. चर्चची घंटा वाजली. घंटेवरून बाई गेली एवढे कळते, कोण ते कर्ण्याने सांगायचे असते.

गावात मृत्यू झाला की माणसे आपापली खुर्ची घेऊन येतात. लव्हाळ्याने विणलेल्या त्या बुटक्या खुर्च्यांना बैठकीखाली घराची खूण कोरलेली असते, म्हणजे नंतर अदलाबदल होत नाही. फिलोमेनाने टेबल अंगणात नेऊन ठेवले आणि खोली मोकळी केली. घरात धड खुर्च्या दोनच. एक आईची, खिडकीजवळची, तिच्यावर कोणी बसणार नव्हते. दुसरीवर लिबोरिया मावशी.

मावशीला पंच्याऐंशी वर्षे झाली होती आणि डोळ्यांनी उजेड-अंधार एवढेच कळे. ती जपमाळ ओढत होती.

"कोण आलं?" दर थोड्या वेळाने ती विचारी.

"कुणी न्हाई, मावशी."

"सकाळची वेळ हाय. लोक खाचरात असतील. मे महिना हा. या दिवसांत मरण म्हंजे..."

दहा वाजले. साडेदहा. दारावरून दोन सायकली गेल्या. पाववाली बाई आली, पडद्यातूनच पाव आत ठेवून पुढे गेली. फिलोमेना उभी होती. बसायला जागा होती, पलंगाच्या कडेला, पण तिला बसवेना. आईने साठ वर्षे या गावाच्या भातात निंदणी केली होती. निम्म्या गावाला तिने कधी ना कधी शिव्या दिल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्याला नाळ कापून पहिल्यांदा धुतले होते. अकरा वाजले तरी खोलीत मावशी आणि ती, एवढ्याच.

"फिलो," मावशी म्हणाली, "सकाळी कर्ण्यावर सांगितलं कुणी?"

"मीच."

मावशीचे बोट एका मण्यावर थांबले. "मला वाटलं त्या पर्यटकांच्या कॅम्पावरची कुणी बाई गेली. मी म्हटलं, एका दिवशी दोन."

फिलोमेनाने कोट घातला. "मी येते जाऊन," ती म्हणाली.

*

कचेरीत मिरेया होती. जिरोनाकडची, म्हणजे बार्सेलोनाच्याही पलीकडची मुलगी, तीन आठवड्यांपूर्वी नेमणूक झालेली, हुशार, आणि गावात अजून कुणालाच न ओळखणारी.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "सकाळपासून फोन थांबत नाहीये. सगळे विचारतायत, ही जोझेफा बेर्तोमेऊ कोण? मला काय माहीत? मी कागदावरचं वाचून दाखवते, तर म्हणतात, 'ते ऐकलं, पण कोण?' कॅम्पिंगवर कोणी वयस्कर बाई राहत होत्या का? मी तसंच सांगितलं दोघातिघांना, असतील म्हणून."

"माझी आई होती," फिलोमेना म्हणाली.

मिरेयाने हातातला पेला खाली ठेवला. "पण तुमच्या आई तर पेपा."

"कागदावर जोझेफा."

"आणि तुम्ही स्वतः वाचलंत? मला फोन करायचा ना. मी वाचलं असतं."

तेवढ्यात बातिस्ते आत आला. सत्तरीचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मंगळवारी तो वाम मासे विकायला चौकात बसे आणि त्याआधी कर्ण्यावर पुकारा करवून घ्यायला येई. त्याच्याबरोबर चिखलाचा आणि माशाचा वास आत आला.

"काय बार्सेलोनावाले," तो म्हणाला, "सकाळी कुणाला पोचवलंस? आमच्या घरी नुसती चर्चा. बायको म्हणते फ्रेंच बाई हाय. मी म्हटलं, फ्रेंचांत बेर्तोमेऊ कुठनं आले? आन् माझ्या वामांचं सांग आज जरा जोर लावून, मागल्या खेपेला तुझं ते नाजूक बोलणं ऐकून लोकांना वाटलं औषध आलंय."

मिरेयाने त्याला हाताने थांबवायचा प्रयत्न केला. फिलोमेना म्हणाली, "माझी आई गेली, बातिस्ते."

त्याने टोपी काढली. काही वेळ तो टोपीकडेच बघत राहिला.

"पेपा? बेडूकवाल्यांची पेपा?"

"पहाटे."

"आन् ते... ते तू वाचलंस? तसं?"

"दुसरं येईना तोंडाला."

"घरी कोण हाय?"

"लिबोरिया मावशी."

"आन्?"

बातिस्तेने घड्याळाकडे पाहिले. बाराला अकरा मिनिटे होती.

"मी वाचते," मिरेया म्हणाली. "घराचं नावसुद्धा घालते. काय ते, बेडूकवाले. तुम्ही घरी जा, फिलोमेना. खरंच."

ती मनापासून म्हणत होती. पण ते म्हणतानासुद्धा तिने 'बेडूकवाले' जिरोनाच्या तोंडाने उच्चारले होते, स्वर गिळून, आणि तिला ते कळलेही नव्हते. फिलोमेनाला तिचा राग आला नाही. पंधरा वर्षे ती स्वतःच तसे बोलली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "मी तिला कबूल केलंय. मीच सांगणार."

ती टेबलाशी बसली. सकाळच्याच कागदावर तिने खाली लिहिले: पेपा, बेडूकवाल्यांची. मग बटण न दाबता हलक्या आवाजात वाचून पाहिले. सकाळी निदान बंद मायक्रोफोनसमोर तरी जमले होते. आता तेही जमेना. 'ग्रामस्थांना' म्हटल्याबरोबर बाकीचे सगळे त्या पहिल्या शब्दाच्या मागोमाग ओळीने त्याच चालीत निघाले. ती थांबली. पुन्हा सुरू केले. पुन्हा तीच.

"कागद समोर आला की ती येते," ती म्हणाली. "मी काय करू?"

बातिस्तेने भिंतीशी असलेली खुर्ची ओढली, टेबलाच्या पलीकडे, अगदी मायक्रोफोनच्या मागे ठेवली आणि बसला. बुटांतले पाणी फरशीवर उतरले.

"तो कागद दे इकडं." त्याने घेतला, घडी घातली, खिशात टाकला. "आता मी खाचरातनं आलोय. मला काय ठावं न्हाई. तू दारात उभी हायस आन् मी रस्त्यानं चाललोय. सांग मला."

फिलोमेनाने मिरेयाकडे पाहिले. "बटण तू दाब," ती म्हणाली. "आन् दिव्यावर हात ठेव. मला दिसायला नको."

बारा वाजले. मिरेयाने टेप चालू केली, बटण दाबले आणि लाल दिव्यावर तळहात धरला.

गावाला आधी काहीच ऐकू आले नाही. कर्ण्यांतून नुसती खरखर येत होती. मग एका पुरुषाचे खाकरणे आले.

"काय गं फिलो," बातिस्ते म्हणाला. "अशी का उभी?"

"बातिस्ते, माझी आई गेली."

"कवा?"

"पहाटं. पाच वाजले असतील. उठली, पाणी मागितलं, मी पाणी आणंस्तवर गेली."

"पेपा गेली," बातिस्ते म्हणाला. "बेडूकवाल्यांची पेपा."

"हां. मार्चात नव्वदावं लागलं तिला."

"माझ्या आईसंगं निंदायला जायची ती. बाकीच्या बाया गाणं म्हणायच्या, ही शिव्या द्यायची."

"शिव्याच द्यायची," फिलोमेना म्हणाली. "गाणं येत न्हवतं तिला."

"माती कवा हाय?"

"उद्या, बुधवारी. अकराला, चर्चमधी. आज दिसभर घरी हाय ती. घराचं दार उघडं ठेवलंय." ती थांबली. बातिस्तेने मान हलवली, पुढे बोल अशी. "सकाळी मीच सांगितलं होतं, पण नीट सांगितलं न्हाई. कुणाला कळलं न्हाई. म्हणून आता सांगते. घरात खुर्च्या दोनच हायत."

"आणतो की," बातिस्ते म्हणाला.

"बरं."

"आन् वामा राहू देत आज," तो म्हणाला, आणि मिरेयाने बटण सोडले.

*

पहिली खुर्ची बातिस्तेच्या बायकोची आली. तिच्यामागून सुईवाल्यांच्या दोघी सुना, मग आंधळ्याच्या घरातला नातू आजोबांची आणि स्वतःची अशा दोन खुर्च्या डोक्यावर उलट्या घेऊन. दीड वाजता कोणीतरी मडक्यातून रस्सा आणला. दोन वाजता खोली भरली आणि लोक अंगणात बसू लागले. शेतातून आलेले पुरुष बूट दाराशी काढून अनवाणी आत येत, पेपाच्या पायाशी क्षणभर थांबत आणि बाहेर जात. बायका प्रार्थना म्हणत. प्रार्थनेच्या मध्ये बोलत.

"मला सकाळी कसं कळलं न्हाई?"

"नाव तर सांगितलं होतं."

"ते नाव व्हय? पेपाचं नाव जोझेफा, हे पेपाला तरी ठावं होतं का?"

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. फिलोमेनाने वर पाहिले नाही. ती रस्सा वाढत होती.

घोषणेबद्दल तिच्याशी कोणी काही बोलले नाही. फक्त बातिस्तेची बायको भांडी उचलताना तिच्या जवळून जाताना पुटपुटली, "पंधरा वर्षांनी घरी आलीस बघ," आणि उत्तराची वाट न बघता मोरीकडे गेली.

संध्याकाळी उन्हं खाचरांतल्या पाण्यावरून तिरपी खोलीत आली. फिलोमेनाने छत्तीस खुर्च्या मोजल्या, मग मोजणे सोडून दिले. आईची खुर्ची खिडकीशी रिकामीच होती. जागा नसूनही तिच्यावर कोणी बसले नव्हते.

सातला बाहेरच्या खांबावर खरखर सुरू झाली. कचेरीत मिरेयाने लावून ठेवलेली टेप वाजू लागली होती. सुईवाल्यांची धाकटी सून चटकन उठली आणि खिडकीकडे गेली. घरात मृत माणूस असताना कर्ण्याचा गोंगाट नको, म्हणून.

"राहू दे," फिलोमेना म्हणाली. "उघडी राहू दे."

सून हात आवरून उभी राहिली. खाकरणे ऐकू आले, मग बातिस्तेचा प्रश्न, मग ते उत्तर. खोलीतल्या बायका जपमाळा हातात घेऊन थांबल्या. दारात बसलेला बातिस्ते स्वतःचा आवाज ऐकून अवघडला आणि जमिनीकडे बघू लागला. फिलोमेनाही ऐकत होती. आपला आवाज बाहेरून असा येतो, हे तिला आज पहिल्यांदा कळत होते. थोडा जाडसर होता. काही शब्दांवर तो आईसारखा ओढला जात होता.

लिबोरिया मावशीने मान खिडकीकडे वळवली.

"कुणाची गं ही?" तिने विचारले.

सगळ्यांनी फिलोमेनाकडे पाहिले.

"पेपाची," फिलोमेना म्हणाली. "बेडूकवाल्यांची."

"हां," मावशी म्हणाली, आणि तिचे बोट पुढच्या मण्यावर गेले.

बाहेर आवाज सांगत होता की घरात खुर्च्या दोनच आहेत. त्याच वेळी अंगणातल्या माणसांतून वाट काढत एक म्हातारा दाराशी आला. नदीच्या पलीकडच्या खाचरातला, दिवसभर पाण्यात असलेला; दुपारी त्याने काही ऐकलेच नसावे, वाटेत कुणीतरी सांगितले असावे. पायांवर चिखल तसाच होता आणि खांद्यावर खुर्ची होती. आत पाऊल टाकायलाही जागा नाही हे पाहून तो उंबऱ्यावरच थांबला, आणि परत फिरावे की काय अशा विचाराने त्याने खुर्ची दुसऱ्या खांद्यावर घेतली.

फिलोमेना उठली. तिने आईची खुर्ची उचलून भिंतीला टेकवून ठेवली, खिडकीशी रिकामी झालेली जागा हाताने पुसली आणि त्याला आत बोलावले.